गोडोच्या सॉफ्टबॉडीवर पतंग उडतोय का? बेळगावातून एक रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. गोडो या गेम बनवायच्या इंजिनात सॉफ्टबॉडी थ्रीडी म्हणून एक नोड, म्हणजे तयार भाग, आहे, कापड, जेली, फुगा असल्या मऊ वस्तूंसाठी, आणि मला बघायचं होतं की त्याच्यावर खरा वाटणारा पतंग बनतोय का, म्हणजे ढील दिली की गिरकी घेणारा, खेचला की नाकाच्या दिशेनं सुसाट सुटणारा, हातातल्या दोऱ्याला ओढ लावणारा पतंग. घाईतल्या माणसासाठी उत्तर आधीच सांगून टाकतो. शेपटीला झकास, जानेवारीतल्या पतंग महोत्सवात उडतात त्या अवाढव्य हवा भरलेल्या पतंगांना तर एकदम फिट्ट, पण आपला दोन कामट्यांचा लढतीचा पतंग एकट्या सॉफ्टबॉडीच्या भरवशावर उडत नाही, त्याला आतून सांगाडा आपणच द्यावा लागतो. पाचपैकी साडेतीन देतो, फुकट आहे हे धरलं तर चार.

आमचा गेम साधा आहे, शहापूरच्या गच्चीवरून पतंग उडवायचा आणि समोरच्या गच्चीवरचा कापायचा. मी दिवसा उद्यमबागेत कॅड ड्रॉइंगचं काम करतो, रात्री हे, सोबतीला डिप्लोमाला असलेला भाचा. लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडच्या बऱ्याच पोरांची मशीन अशीच असते आणि रिव्ह्यू वाचायचे आणि मशीन भलतंच असायचं, त्याचा काही उपयोग होत नाही.

आता खरा पतंग म्हणजे काय ते आधी पक्कं करूया, कारण बहुतेक ट्युटोरियल तिथंच घसरतात, चौकोनी कापड वाऱ्यात फडफडलं की झाला पतंग असं त्यांना वाटतं. पतंगाला उभी एक कामटी असते आणि तिच्यावर आडवी कमान, आडवी बारीक आणि लवचिक. दोरा ताणला की वारा पतंगाच्या पोटावर दाबतो, कमान वाकते, दोन्ही पंख मागे झुकतात आणि मधे कणा नि दोन्हीकडे उतार असा आकार तयार होतो. हा आकार स्थिर असतो, एक बाजू वाऱ्यात जास्त आली की तिच्यावर जोर जास्त पडतो आणि ती मागे ढकलली जाऊन तोल परत जागेवर येतो, म्हणून खेचलेला पतंग नाक जिकडे असेल तिकडे सरळ जातो. ढील दिली की ताण गेला, कमान सरळ झाली, पतंग सपाट झाला, आणि सपाट पतंगाला स्वतःचा तोल नसतो, तो गिरक्या घ्यायला लागतो. उडवणारा तेवढीच वाट बघत असतो, नाक हव्या त्या बाजूला आलं रे आलं की खेच. काटाकाटीचं सगळं स्टिअरिंग एवढंच, एका दोऱ्यावर चालतंय. राइट बंधूंनी विमानाच्या आधी १८९९ मध्ये पतंगच उडवला होता, आणि त्यातसुद्धा पंख पिळून त्याला वळवता येतंय का हेच त्यांना बघायचं होतं. म्हणजे पतंगाचं वाकणं हे दिसण्यापुरतं नसतंय, उडणं आणि वळणं त्याच्यावरच उभं आहे, आणि क्लॉथ फिजिक्सला, म्हणजे कापडाच्या हालचालीच्या गणिताला, पतंगात खरं काम आहे ते इथं.

म्हणून माझी परीक्षा तीन गोष्टींची होती. ढील दिल्यावर फिरतोय का, खेचल्यावर सरळ होतोय का, आणि दोऱ्याचा ताण खेळणाऱ्याच्या हाताला कळतोय का. फडफड किती सुंदर दिसते याचे मार्क नंतर.

सेटअप सोपा आहे, हे गोडोचं कौतुक करावंच लागेल. प्लेन मेश, म्हणजे त्रिकोणांची सपाट जाळी, घ्या, सबडिव्हिजन वाढवून तिचे चौकोन बारीक करा, त्याचा सॉफ्टबॉडी करा, एडिटरमध्येच पॉइंटवर क्लिक करून पिन करा, म्हणजे जागेवर टाचा, प्ले दाबा, संपलं. २० बाय २० चौकोन ठेवले की ४४१ पॉइंट आणि ८०० त्रिकोण होतात, पतंगाला तेवढे पुरे, त्याच्यापेक्षा फारच कमी ठेवले तर कापड टोकदार घड्या पडून मोडतं आणि जास्त ठेवले तर आमच्यासारख्या मशीनवर फ्रेम पडतात. मटेरियलमध्ये कल मोड डिसेबल करायचं विसरू नका, पतंग आपण कायम खालून बघतो, आणि कल मोड चालू असला की मागची बाजू इंजिन दाखवतच नाही, त्यामुळे खालून बघितलं की पतंग गायब.

आणि वजन! टोटल मास डिफॉल्टला १ आहे, म्हणजे १ किलो. गच्चीवरचा कागदी पतंग काही ग्रॅमांच्या हिशोबात असतो, आमच्या गेममधला जरा मोठा, नायलॉनचा आहे म्हणून ५० ग्रॅम धरून ०.०५ टाकलं. डिफॉल्ट सेटिंगवर पहिला डेमो भाच्याला दाखवला तर तो बघून म्हणाला, "मामा, ह्यो पतंग न्हवं, वाळत घातलेला टॉवेल हालायलाय की." अगदी बरोबर बोलला. वजन आहे तसं ठेवून तुम्ही वारा कितीही वाढवा, हालचालीत तो जडपणा दिसतोच, कागदाची ती चपळाई येत नाही. पण वजन कमी केलं की दुसरी भानगड सुरू होते, हलक्या पॉइंटवर जोर मोठा म्हणजे एका स्टेपमध्ये, म्हणजे हिशोबाच्या एका टप्प्यात, तो पॉइंट कुठल्या कुठं जातो, मग पुढच्या स्टेपला ताण त्याला तेवढ्याच जोरात उलटा ओढतो आणि कापड थरथरायला लागतं. हे फक्त गोडोचं नाही, कापडाचा हिशोब करणाऱ्या कुठल्याही सोल्व्हरला हलकं वजन आणि ताठ कापड ही जोडी जड जाते. उपाय म्हणजे प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फिजिक्सचे टिक, म्हणजे हेच टप्पे, सेकंदाला ६० असतात ते १२० करा, जमलं तर २४०. सीपीयूवर ताण येतो पण पतंग शांत होतो.

ताठपणाचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथं मला सगळ्यात जास्त मजा आली. लिनिअर स्टिफनेस ०.५ असतं आणि सिम्युलेशन प्रिसिजन ५, आणि माणसाला वाटतं ही दोन वेगळी बटणं आहेत, पण प्रिसिजन वाढवलं तरी कापड ताठ होतं, कारण तो आकडा म्हणजे एका स्टेपमध्ये सोल्व्हर किती फेऱ्या मारणार तो आहे, आणि फेऱ्या जास्त झाल्या की प्रत्येक धागा आपल्या लांबीच्या जास्त जवळ येतो. २००६-०७ च्या सुमाराला मॅथियास म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोझिशन बेस्ड डायनॅमिक्स ही पद्धत मांडली, आज गेममधलं बहुतेक कापड त्याच घराण्यातलं आहे, आणि फेऱ्यांवर ताठपणा ठरायचा हा त्याचा मूळचा गुण किंवा दोष, २०१६ मध्ये एक्सपीबीडी ही तिची सुधारलेली आवृत्ती आली ती हाच प्रॉब्लेम सोडवायला. म्हणून आधी प्रिसिजन पक्कं करून टाका, मग स्टिफनेसला हात लावा, दोन्ही एकदम फिरवत बसलात तर रात्र जाईल.

पण नुसता ताठपणा पुरत नाही, कुठल्या दिशेला ताठ हेही बघावं लागतं. आमच्या शेजारचे काका वडगावात मागावर बसलेले, सगळं आयुष्य विणण्यात गेलं. मी त्यांना लॅपटॉपवर पतंग दाखवला, तो एका अंगाला झुकून उडत होता, सगळे आकडे बरोबर असून. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या हातात दोन टोकं दिली आणि म्हणाले, "उभं वड. आता आडवं वड. येतंय काय? न्हाई. आता तिरकं वड बघू." तिरकं ओढलं तर पंचा चांगला चार बोटं लांब आला आणि मधे अरुंद झाला. विणलेलं कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेनं ताणत नाही, तिरक्यात ताणतं, त्यांना हे शिकवावं लागत नाही. आता मेशमध्ये बघा, प्रत्येक चौकोन दोन त्रिकोणांत कापलेला असतो आणि प्लेन मेशमध्ये ती कापणारी तिरकी रेघ सगळ्या चौकोनांत एकाच बाजूला जाते. सॉफ्टबॉडी प्रत्येक कडेला एक स्प्रिंग समजतो. म्हणजे तुमचं कापड एका तिरप्यात घट्ट आणि दुसऱ्या तिरप्यात सैल, डावा पंख आणि उजवा पंख एकसारखा वागणारच नाही. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा पतंग बनवून उभ्या कामटीवर मिरर केला, तिरक्या रेघा दोन्हीकडे उलट-सुलट झाल्या, आणि पतंगाचं झुकणं थांबलं. हे मला कुठल्या ट्युटोरियलमध्ये दिसलं नव्हतं, पंचानं शिकवलं.

आता वारा. गोडोत वाऱ्यासाठी वेगळा नोड नाही, एरिया थ्रीडीमध्येच वाऱ्याचे तीन पर्याय आहेत, एक नोड द्यायचा जो वारा कुठून आणि कुठल्या दिशेनं सुटतो ते ठरवतो, जोर किती ते, आणि अंतरावर तो किती कमी होत जाणार ते. हा वारा फक्त सॉफ्टबॉडीलाच लागतो, बाकी कुठल्याही बॉडीला लागत नाही. गोडोचा सोर्स कोड उघडा आहे म्हणून आत जाऊन बघता येतं, आणि ही उघडी गोष्ट मला या इंजिनात सगळ्यात जास्त आवडते, बंद डब्याशी भांडत बसावं लागत नाही. तर आत काय चालतं, प्रत्येक त्रिकोणाचा नॉर्मल, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा, घेतात, तो वाऱ्याला किती समोरासमोर आहे ते बघतात, त्याला क्षेत्रफळानं आणि जोरानं गुणतात, आणि तो फोर्स नॉर्मलच्या दिशेनं तिन्ही कोपऱ्यांना एक-एक तृतीयांश वाटून देतात. यातलं चांगलं काय तर फोर्स नॉर्मलच्या दिशेनं असल्यामुळे तिरका धरलेला पतंग वर उचलला जातो, म्हणजे लिफ्ट आयती मिळते, सपाट पट्टीचा लिफ्ट मुळात येतो तसाच.

पण दोन गोष्टी राहतात. एक, वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो आणि इथला आकडा नुसता गुणक आहे, वर्ग आपणच करून द्यायचा. हिशोब असा, बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे त्यामुळे हवेची घनता समुद्रसपाटीच्या १.२२५ पेक्षा कमी, १.१ किलो प्रति घनमीटर धरूया. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर दाब होतो १४ पास्कलच्या आसपास, आणि ५० सेंटीमीटर बाजूच्या पतंगाचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, म्हणजे समोरासमोर धरला तर साधारण साडेतीन न्यूटन. ५० ग्रॅमच्या पतंगाचं स्वतःचं वजन अर्धा न्यूटन. बघा, वाऱ्याचा जोर वजनाच्या सातपट आहे, म्हणून तर पतंग एवढ्या मस्तीत उडतो. आणि वारा १० मीटर झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. स्लायडर दुप्पट केला आणि पतंग मेल्यासारखा का वागतोय असं वाटत असेल तर कारण हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खरा वारा पतंगाला लागतो तो पतंगाच्या स्वतःच्या वेगाच्या मानानं, वाऱ्याबरोबर वाहत चाललेल्या पतंगाला वारा जवळजवळ लागतच नाही. सॉफ्टबॉडीच्या हिशोबात कापडाचा वेग वजा केलेला नाही. त्यामुळे ढील दिली, पतंग वाऱ्याबरोबर पळायला लागला, तरी त्याला मागून तेवढाच धक्का बसत राहतो, आणि ढील दिलेला पतंग हळू तरंगत गिरक्या घ्यायच्या ऐवजी सरळ गोळीसारखा पळतो. माझ्या परीक्षेतला पहिला प्रश्न इथंच नापास. यावर मी स्क्रिप्टमधून प्रत्येक टिकला पतंगाचा सरासरी वेग काढून त्याप्रमाणे वाऱ्याचा जोर कमी-जास्त केला, ढोबळ आहे पण फरक लगेच दिसतो. नवीन व्हर्जनमध्ये एकेका पॉइंटला फोर्स द्यायची सोय आली आहे, ती वापरली तर प्रत्येक त्रिकोणाचा हिशोब आपणच नीट करू शकतो, फक्त गोडोच्या स्वतःच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत ८०० त्रिकोण प्रत्येक टिकला फिरवणं जुन्या लॅपटॉपला झेपत नाही, सी शार्प किंवा सी प्लस प्लस घ्यावं लागेल.

आणि एक मोठा खड्डा सांगून ठेवतो. मार्च २०२५ मध्ये गोडो ४.४ आला, त्यात जोल्ट फिजिक्स हे दुसरं फिजिक्स इंजिन आत बसवलं, जोल्ट एकूण चांगलंच आहे, स्थिर आहे, सगळे तिकडं वळले. पण ४.४ च्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की जोल्टमध्ये सॉफ्टबॉडी आणि एरिया यांचं एकमेकांशी काही चालत नाही, म्हणजे एरियाचा वारा सॉफ्टबॉडीला लागत नाही. तुम्ही जोल्ट चालू ठेवून वाऱ्याचा आकडा हजारावर नेला तरी पान हलणार नाही. आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कुठलं फिजिक्स इंजिन निवडलंय ते बघा आणि तुमच्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन वाचा, मग बाकीचं.

वारा एकसारखा ठेवू नका हेही सांगतो. जमिनीजवळ वारा मंद आणि वर गेलं की जोरात, इंजिनिअर लोक साधारण एक सप्तमांश घाताचा नियम वापरतात, म्हणजे १० मीटरवर ४ असेल तर ४० मीटरवर ४.९ च्या आसपास. अनगोळला किंवा शहापुरात दाट घरांमधल्या गच्चीवर उभं राहिलं की पहिले काही हात पतंग नुसता गोते खातो, ठुमके देऊन देऊन वर काढावा लागतो, आणि घरांच्या वर गेला की एकदम धरतो, तो क्षण गेममध्ये आणायचा असेल तर हा उंचीचा नियम आणि त्याच्यावर थोडा गोडोतल्या फास्ट नॉइज लाइटचा नॉइज, म्हणजे अनियमित चढउतार, एवढं पुरेसं आहे. हे टाकल्यावर भाचा पहिल्यांदा कंट्रोलर हातातून सोडायला तयार होईना.

आता दोरा, आणि इथं सॉफ्टबॉडी खरोखर कमी पडतो. कापडाचा पॉइंट दुसऱ्या नोडला पिन करता येतो, तो नोड हलला की पॉइंट त्याच्याबरोबर हलतो. पण उलटं होत नाही, कापडाला वाऱ्यानं ओढलं तरी पिन केलेल्या नोडला ती ओढ लागत नाही. पतंगात तर सगळा खेळ त्या ओढीचा. कन्नी, म्हणजे पतंगाला दोरा जोडायची दोन गाठींची बांधणी, वरच्या बाजूला थोडी आखूड बांधली की पतंग वाऱ्याला कमी कोनात धरतो, खाली आखूड बांधली की जास्त, आणि हा कोन ठरतो तो कापडावरचा सगळा जोर कन्नीतून दोऱ्यात उतरतो म्हणून. जोर उतरतच नसेल तर कन्नी नुसती काढलेली रेघ झाली. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनच्या क्लॉथचंही तेच आहे, त्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की क्लॉथ बाकीच्या जगावर फोर्स लावत नाही, आणि सगळ्या कोलायडरनाही, म्हणजे आसपासच्या धडकणाऱ्या वस्तूंनाही, दाद देत नाही. ती तयार कापडं पात्राच्या अंगावरच्या झग्यासाठी आणि झेंड्यासाठी केलेली आहेत, तिथं उलटी ओढ कुणाला लागते? गोडोचं डॉक्युमेंटेशनही प्रामाणिक आहे, सॉफ्टबॉडीत माहीत असलेले बरेच बग आहेत, गेमप्लेवर परिणाम होईल अशा ठिकाणी वापरू नका असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

मग आम्ही केलं काय ते सांगतो, कारण हे चाललं. पतंगाचा सांगाडा वेगळा, दोन रिजिड, म्हणजे न वाकणारे, पंख, मधे उभ्या कामटीवर बिजागरी, आणि कमानीची लवचिकता म्हणून बिजागरी जितकी वाकेल तितका उलटा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. वाऱ्याचा हिशोब या दोन पंखांवर, प्रत्येक पंखाचे चार-चार तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या जागी वाऱ्यातून त्या तुकड्याचा वेग वजा, मग नॉर्मलच्या दिशेनं फोर्स. तुकडे कमी म्हणून जीडीस्क्रिप्टलाही झेपतं. कन्नीच्या दोन गाठी उभ्या कामटीवर, तिथून दोरा. दोऱ्याला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, ही अट घातली नाही तर ढील दिलेला दोरा काठी होऊन पतंगाला मागून ढकलतो. दोऱ्याचे ५० तुकडे केले तर तो रबरासारखा ताणतो, तिथंही फेऱ्यांचाच प्रॉब्लेम आहे, म्हणून हातापासून पतंगापर्यंत एकच कमाल अंतर वेगळं बांधून टाकलं, सोडलेल्या दोऱ्याच्या पलीकडे पतंग जाऊच शकत नाही. आणि या सांगाड्यावर सॉफ्टबॉडीचं कापड, कडेचे आणि कामट्यांवरचे पॉइंट पंखांना पिन, मधलं कापड मोकळं. आता उडतो तो सांगाडा, आणि कापड त्याच्यावर फुगतं, थरथरतं, खेचला की ताणून टणक होतं, ढील दिली की सैल पडतं. ढील दिली, बिजागरी सरळ झाली, पतंग फिरायला लागला. नाक खाली असताना खेचला तर खाली सूर मारून गेला. तिन्ही प्रश्नांना पास, कंट्रोलरच्या व्हायब्रेशनला दोऱ्याचा ताण जोडला तर हातालासुद्धा कळतो.

सॉफ्टबॉडी एकटा चमकतो तो हवेच्या पतंगांत. बेळगावच्या मालिनी सिटीच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सवात ज्यांनी ते प्रचंड मासे आणि ऑक्टोपस बघितलेत त्यांना माहीत आहे, त्यात कामटी नसते, तोंडातून हवा भरते आणि कापडच आकार धरतं. डोमिना जाल्बर्टनं १९६४ मध्ये पॅराफॉइल हा बिनकामट्यांचा, हवा भरणारा पतंग बनवला तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. सॉफ्टबॉडीत प्रेशर कोइफिशंट नावाचा आकडा आहे, डिफॉल्टला शून्य, मेश सगळीकडून बंद असला पाहिजे एवढीच अट, आकडा हळूहळू वाढवत न्या, आतून दाब येतो आणि कापड फुगून ताणतं. डॅम्पिंग, म्हणजे हालचाल शमवणारा आकडा, ०.०१ वरून थोडं वर घ्या म्हणजे पोट सावकाश हलतं, मोठ्या पतंगाचा तो संथपणा येतो. आम्ही पार्श्वभूमीला असले दोन-तीन मासे उडवले, दोरा जमिनीला पिन, खेळाडूशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे उलट्या ओढीची गरज नाही, आणि बघणारा माणूस आधी त्यांच्याकडेच बघतो. शेपटीचंही तसंच, लांब पट्टी, वरची कड पिन, स्टिफनेस कमी, अर्ध्या तासात होते आणि दिसायला सुंदर.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. अनरियलचं केऑस क्लॉथ दिसायला भारी पण आमच्या लॅपटॉपला ते इंजिन उघडणंच जड. युनिटीवर पैसे देऊन ओबी नावाचा प्लगइन घेता येतो, त्यात कापड आणि रिजिड बॉडी एकमेकांना ओढू शकतात, ज्यांचं प्रोजेक्ट आधीच युनिटीत आहे आणि ज्यांना खर्च परवडतो त्यांनी तो बघावा. ब्लेंडरचं क्लॉथ उत्तम, पण ते बेक करून, म्हणजे हालचाल आधीच नोंदवून, आणायचं म्हणजे पतंग ठरलेलाच नाच करणार, कटसीनला, म्हणजे नुसत्या बघायच्या प्रसंगाला, चालेल, काटाकाटीला नाही. गोडो एमआयटी लायसन्सवर, २०१४ पासून ओपन सोर्स, गेम विकला तरी कुणाला हिस्सा द्यायचा नाही, आणि डाउनलोड एवढा छोटा की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवता येतो, खानापूर-चंदगडकडच्या गावातल्या पोरांना हे फार मोठं आहे.

काटाकाटीसाठी गेममध्ये आम्ही साधा सुती मांजाच ठेवलाय, नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे आणि लहान पोरांच्या गेममध्ये तो दाखवायची माझी तयारी नाही. दोन दोरे एकमेकांवर आले की ताण आणि घासण्याचा वेग यांचा गुणाकार जास्त ज्याचा, त्याचा टिकतो, दुसरा तुटतो. दोऱ्याचा ताण सांगाड्यातून खरा येतो म्हणूनच हे करता आलं.

सुरू करणाऱ्यानं हे आकडे घ्या आणि पुढं आपापले बदला. मेश २० बाय २०, कामटीवर मिरर केलेला. टोटल मास ०.०५, आणि सांगाडा वेगळा केलात तर तेवढं वजन सांगाड्याला देऊन कापडाला त्याच्यापेक्षा कमी. प्रिसिजन १०, स्टिफनेस ०.८, फिजिक्स टिक १२०. वारा चालत नसेल तर आधी फिजिक्स इंजिन कुठलं आहे ते बघा.